साचलेल्या कामांची पाहुणी

मार्च सरत आला की नागपूरच्या गणेशपेठ बसस्थानकावर उतरणाऱ्या बायकांचं सामान बघण्यासारखं असतं. लग्नाला निघालेल्या बाईची बॅग ओळखू येते, दवाखान्यात डबा घेऊन निघालेलीची पिशवीही ओळखू येते. या दिवसांत आर्वी, काटोल, उमरेड, हिंगणघाट, वणी अशा गावांच्या गाड्यांतून तिसऱ्याच तऱ्हेचं सामान खाली येतं. सुतळीने तोंड शिवलेली गव्हाची चुंगडी, जुन्या लुगड्यात गुंडाळलेला पितळी सोऱ्या, डबीत पापडखार आणि वर्तमानपत्रात बांधलेल्या बारीक काड्या. या काड्या कशाच्या, हे शेजारच्या प्रवाशाला सांगूनही कळत नाही. सामानाची मालकीण साठीच्या पुढची असते. ऑटोवाल्याने सांगितलेलं भाडं ऐकून ती त्याच्याकडे अशी काही बघते, की तो आपणहून खाली उतरतो.

१७ मार्च २०२३ पासून एसटीने बायकांना अर्ध्या तिकिटात प्रवास दिला. त्याआधी, २६ ऑगस्ट २०२२ पासून, पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना तिकीटच उरलं नव्हतं. या योजनांमागचा हिशेब सरकार जाणे, पण विदर्भातल्या नात्यागोत्यातल्या घरकामाला त्यांनी चांगलाच हातभार लावला. आधी आत्या-मावशा एकाच खेपेत सगळं उरकायच्या. आता वाळवणाची खेप वेगळी आणि पहिला पाऊस पडून गेल्यावर लोणच्याची वेगळी. भाच्याच्या परीक्षेसाठी मधे एखादी खेप झालीच, तर तिचंही कोणाला ओझं वाटत नाही.

आमची आत्या आर्वीची. दर उन्हाळ्यात ती त्रिमूर्तीनगरला माझ्या भावाकडे येते. रीतीप्रमाणे हे तिचं माहेर. माहेरी आलेल्या लेकीने इकडची काडी तिकडे करायची नाही, आयतं जेवायचं, दुपारी पंख्याखाली आडवं व्हायचं आणि जाताना ओटी भरून घेऊन निघायचं, असा आपल्याकडचा शिरस्ता. आत्याला तो कोणी सांगितलेला दिसत नाही. आल्याबरोबर ती चहा घेते आणि कप हातात धरूनच घरभर एक फेरी मारते. त्या फेरीत वहिनीचा जीव टांगणीला लागतो. माळा, मागची सांद, सिंकखालचं कपाट, दिवाणाच्या पोटातल्या गाद्या असा तिचा मार्ग ठरलेला. बोलत काही नाही. फेरी संपली की कप ठेवते आणि म्हणते, "कूलर अजून वरच हाय ना बाप्पा?"

रोजच्या कामांना ती फारसा हात लावत नाही, हे माझ्या उशिरा लक्षात आलं. पोळ्या वहिनीच्याच, धुणं मशीनचं, भांडी आणि पोछा बाईचा. या कामांचा दट्ट्या रोज असतो, त्यामुळे ती कशीबशी होतातच. संध्याकाळी जेवायला बसायचं असतं, म्हणून सकाळची कढई घासली जाते. खरी अडतात ती रोजच्या गाड्यात न बसणारी कामं. उसवलेली गादी, बुडाला गंजलेला कूलर, माळ्यावरची तांब्या-पितळेची भांडी, जुन्या साड्यांचा ढीग, कीड लागू पाहणारी डाळ, वर्षाची हळद-मिरची. आज नाही झालं तर आभाळ कोसळत नाही, आणि म्हणूनच ती वर्षभर होत नाहीत. नोकरी करणाऱ्या बाईच्या घरात ती थराथराने साचतात. वहिनी शाळेत शिकवते. उन्हाळ्यात सकाळची शाळा, म्हणजे पहाटे डबे. दुपारी ती घरी येते तेव्हा अंगात त्राण नसतं आणि खिडकीबाहेर बेचाळीस-त्रेचाळीस डिग्री असते. अशा घरात बाहेरून एक माणूस येतं, ज्याच्या अंगावर तिथल्या रोजच्या कामाचा बोजा नाही. त्याला ते थर दिसतात आणि त्यात हात घालायला सवडही असते.

पहिला नंबर कूलरचा. इतरत्र पंख्यावर किंवा एसीवर भागत असेल, पण नागपुरात कूलर लावणं हा घरातला एक सोहळा असतो आणि त्यात भांडण हटकून होतं. पत्र्याची ती अवजड पेटी गच्चीवरून उतरवायची, ताट्यांत पाखरांनी केलेलं घरटं काढायचं, पॉलिश पेपरने गंज खरवडायचा, बुडाच्या भोकांना लांबी किंवा डांबर लावून रंगाचा हात द्यायचा. जुन्या ताट्यांवर बोअरच्या पाण्याचा पांढरा क्षार इतका बसलेला असतो, की हातात घेतल्यावर त्या मोडतात. मग लाकडाच्या काथ्याच्या नव्या ताट्या आणायच्या. आत्याच्या हट्टाने एका बाजूला वाळ्याची ताटी लागते, कारण वासाशिवाय गारवा तिला पटत नाही. शेवटी पेटी खिडकीबाहेरच्या लोखंडी घोडीवर चढवायची. इथे एकाने आतून धरायचं आणि दुसऱ्याने शिडीवर उभं राहून बाहेरून ढकलायचं. भाऊ हे काम रविवारवर टाकत राहतो आणि रविवार येत राहतात. आत्या आली की मंगळवारीही होतं. ती आतून धरते, भाऊ शिडीवर, आणि काय चुकतंय ते आई खुर्चीतून सांगते.

नागपुरात कूलर चालतो तो इथल्या कोरड्या हवेच्या जोरावर. मे महिन्यातल्या दुपारी हवेतली आर्द्रता अनेकदा वीस टक्क्यांच्याही खाली जाते. अशी हवा ओल्या ताटीतून खेचली की पाणी झपाट्याने वाफ होतं आणि त्यासाठी लागणारी उष्णता हवेतूनच घेतं. एक लिटर पाणी उडून जाताना साधारण दोन-तृतीयांश युनिट विजेइतकी उष्णता सोबत नेतं. मोटर आणि पंप मिळून वीज लागते ती एसीच्या तुलनेत अगदीच थोडी. २३ मे २०१३ रोजी शहराचा पारा ४७.९ अंशांवर गेला होता. तसल्या दिवशी या साध्या पत्र्याच्या पेटीने किती म्हातारे तगवले असतील. जुलैत हवा दमट झाली की तोच कूलर नुसता ओलावा फेकतो, पाण्यात डासांच्या अळ्या होतात, आणि तरीही तो ऑगस्टपर्यंत कोणी काढत नाही. कूलर काढायला कोणी पाहुणा येत नाही. पावसाळ्यात डेंग्यूच्या फवारणीला आलेले महापालिकेचे लोक कूलरमध्ये डोकावून बघतात, तेव्हा कुठे तो रिकामा होतो.

कूलर लागला की वाळवण.

कुरडयांचं उदाहरण घेऊ, कारण पाहुणी का लागते ते तिथे सगळ्यात स्वच्छ दिसतं. गहू तीन दिवस भिजत घालायचे आणि रोज पाणी बदलायचं. तिसऱ्या दिवशी घरात आंबूस वास सुटतो आणि मुलं नाक धरून हिंडतात. मग गहू वाटून, पिळून, गाळून दुधासारखं पाणी काढायचं आणि रात्रभर हलवायचं नाही. चोथा टाकायचा नाही, त्याच्या वड्या होतात. सकाळपर्यंत तळाला पांढराशुभ्र चीक घट्ट बसतो. वरचं पिवळट पाणी अलगद ओतून द्यायचं. आत्या यासाठी पहाटे चारला उठते. मोठ्या गंजात चिकाइतकंच पाणी, मीठ, हिंग. पाण्याला खळखळून उकळी आली की चीक सोडायचा. सारी मेख इथे आहे. चीक बारीक धारेने पडला पाहिजे आणि त्याच वेळी गंज क्षणभरही न थांबता घोटला गेला पाहिजे. चिकाचं भांडं जड, ते धरायला दोन हात. घोटायला लाकडी दांडा, त्यालाही दोन हात. धार जाड झाली किंवा दांडा थांबला की गुठळी, आणि गुठळी झालेला चीक सोऱ्यातून उतरत नाही.

धार वहिनीकडे असते, दांडा आत्याकडे. पांढरा चीक घोटता घोटता आधी राखाडी दिसतो, मग काचेसारखा. दांडा जड होतो. आत्या पाण्यात बोट बुडवून चिकाला टेकवते. बोटाला लागला नाही तर झाला. पहिली काही वर्षं वहिनीला हे बोट लावू दिलं नव्हतं. मागच्या उन्हाळ्यात आत्या नुसती म्हणाली, "तू पाय," आणि बाजूला झाली. वहिनीने बोट लावलं, थोडा वेळ आणखी घोटायला सांगितलं आणि आत्याने घोटलं. एवढ्यासाठी वहिनीने इतकी वर्षं टोमणे ऐकून घेतले असावेत, असा मला दाट संशय आहे.

त्यानंतर घाई सुरू होते. चीक गार झाला तर दाबला जात नाही, म्हणून एकीने सोऱ्या भरायचा, दुसरीने दाबायचा आणि वर्तुळं प्लॅस्टिकवर पडत जायची. तळाचा खरवडलेला चीक मुलांना दूध-साखर घालून वाटीत मिळतो. त्याच्यासाठी तीच नाक धरणारी मुलं गच्चीवर आलेली असतात. आठ वाजले की गच्ची पायाला चटके देते, त्याच्या आत शेवटची कुरडई पडलेली हवी. दिवसभर कावळ्यांवर नजर, संध्याकाळी हलक्या हाताने सोडवून उलटायच्या, आणि कडक ऊन मिळालं तर तिसऱ्या दिवशी डब्यात.

एकटीने कुरडया करणाऱ्या बायका आहेत. थोड्या करतात, मधे दोनदा गॅस बंद करतात आणि दंडाला तेल लावत बसतात. उडदाच्या पापडाचं पीठ कुटणं, शेवया, गादीला टाके घालणं, चादरी पिळणं, कूलर चढवणं, सगळीकडे हीच गत. घर एका बाईवर चालतं असं मानलं जातं, पण घरातली कितीतरी कामं मुळातच दोघींची म्हणून बसवलेली आहेत. पूर्वी ती दुसरी बाई घरातच असायची, जाऊ, नणंद किंवा सासू. फ्लॅटमध्ये ती उरली नाही, म्हणून ती एसटीने येते.

आणि त्या काड्या सरगुंड्यांच्या. गव्हाच्या घट्ट कणकेची बारीक दोरी काडीभोवती पिळत न्यायची, जरा ओढली की पोकळ वळी सुटून येते, ती वाळवायची. उकडून आमरसात टाकली की विदर्भाबाहेरून आलेला जावई विचारतो, हा कुठला पास्ता? आत्याला पास्ता माहीत आहे. नातवाने करून घातला होता, पण तिच्या मते त्यात मीठ नव्हतं.

हे सगळं आता विकत मिळतं. गोकुळपेठेत मिळतं, इतवारीत मिळतं, बचतगटांच्या बायका घरपोच आणून देतात, आणि त्यातलं काही आत्याच्या हातापेक्षा सरस असतं. वहिनी दर वर्षी एकदा हा विषय काढते. त्यावर आत्या मिरच्यांचं पोतं पुढे ओढते. मिरची भिवापुरी, हळद वर्धा जिल्ह्यातल्या वायगावची. दोन्हींना भौगोलिक मानांकन आहे, आणि ते मिळण्याच्या कितीतरी आधीपासून आत्या दुसऱ्या कुठल्या मिरची-हळदीला घरात घेत नाही. पापड विकत घ्यावेत की करावेत, या वादात मी वहिनीच्या बाजूची आहे. पण १५ मार्च १९५९ रोजी गिरगावात सात बायकांनी ऐंशी रुपये उसने घेऊन लिज्जत पापड सुरू केला, त्याची पद्धत आठवली की थोडं थबकायला होतं. तिथे बायका केंद्रावरून मळलेलं पीठ घरी नेतात, घरच्याच पोळपाटावर लाटतात, वाळवतात आणि दुसऱ्या दिवशी देऊन मजुरी घेतात. म्हणजे पोळपाट तोच, मनगट तेच, ऊनही तेच. पापड उंबऱ्याबाहेर जाणार असला की त्याला वजनाप्रमाणे पैसे पडतात. घरातच राहणार असला तर त्याला माया म्हणतात.

या मायेचं मोजमाप करायचा प्रयत्न सरकारने केला आहे. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ मध्ये देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली आणि २०२४ मध्ये पुन्हा केली. आदल्या दिवशी पहाटे चारपासून चोवीस तासांत काय काय केलं, हे अर्ध्या-अर्ध्या तासाच्या रकान्यांत विचारून भरून घेतात. पहाटे चार ही वेळ ठरवणाऱ्याच्या घरी कुरडया होत असाव्यात. २०२४ च्या आकड्यांनुसार घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या बायका त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं घालवतात आणि ते करणारे पुरुष ८८. पाच वर्षांपूर्वी हे आकडे २९९ आणि ९७ होते. दोन्ही आकडे घटले आहेत, आणि त्यात कोणी पाठ थोपटून घ्यावी असं मला काही दिसत नाही. शिवाय ही सरासरी काम करणाऱ्यांचीच. बायकांत असं काम करणाऱ्या ऐंशी टक्क्यांच्या वर आणि पुरुषांत चारांतला एखादा.

आत्या यात कुठे बसते हे बघायला मी पाहणीतली कुटुंबाची व्याख्या काढली. एकत्र राहणारी आणि एका चुलीवर जेवणारी माणसं म्हणजे कुटुंब. कामानिमित्त थोडे दिवस बाहेर गेलेले त्यात धरतात. सहा महिन्यांहून कमी मुक्कामाचे पाहुणे मात्र धरत नाहीत. म्हणजे वाळवणाच्या दिवसांत त्रिमूर्तीनगरात पाहणीवाला आलाच, तर चुलीपाशी दांडा फिरवणारी बाई त्याच्या कागदावर येणार नाही. ती आर्वीच्या घराची सभासद, आणि त्या घरात त्या दिवशी ती नाही. पाहणी करणाऱ्यांचा यात दोष नाही. एकाच माणसाला दोन घरांत मोजायचं नसेल, तर कुठेतरी रेघ मारावीच लागते. आत्या नेमकी त्या रेघेवर बसून पापड लाटते.

घरकामाचं मोल किती, हा प्रश्न न्यायालयांनाही पडला, पण माणूस गेल्यावर. ३ मार्च १९८९ रोजी जमशेदपूरला टाटा स्टीलच्या संस्थापक दिनाच्या कार्यक्रमात आग लागली आणि त्यात बायका-मुलं मोठ्या संख्येने गेली. भरपाईचा वाद सर्वोच्च न्यायालयात पोचला. लता वाधवा खटल्याच्या २००१ च्या निकालात गृहिणींच्या घरातल्या सेवेचं मोल महिन्याला ३००० रुपये धरलं गेलं, म्हणजे वर्षाचे ३६,०००. हे ३४ ते ५९ वयाच्या बायकांसाठी. ६२ ते ७२ वयाच्या वृद्धांसाठी वर्षाचे २०,०००. पुढे जानेवारी २०२१ मध्ये कीर्ती विरुद्ध ओरिएंटल इन्शुरन्स या खटल्यात न्यायमूर्ती रमण यांनी २०११ च्या जनगणनेचा दाखला दिला. घरकाम हाच मुख्य व्यवसाय असं सांगणाऱ्या बायका जवळजवळ १६ कोटी आणि पुरुष ५८ लाखांच्या आत. घरकामाला आर्थिक मोल नाही ही समजूत टाकून द्यायला हवी, असं त्या निकालाचं म्हणणं. आत्याला मी वीस हजारांचा आकडा सांगितला. तिने विचारलं, "वर्साचे का महिन्याचे?" वर्षाचे म्हटल्यावर ती पुन्हा मिरच्यांची देठं खुडायला लागली.

पगारी घरकामाचा लढा नागपूरला नवा नाही. विद्यापीठात संस्कृत शिकवणाऱ्या रूपाताई कुलकर्णी यांनी १९८० मध्ये विदर्भ मोलकरीण संघटना उभी केली. सुट्टी, बोनस, पगारवाढ, चोरीच्या आळातून सुटका, हे शब्द शहरातल्या स्वयंपाकघरांत ऐकू येऊ लागले त्यात या संघटनेचा मोठा वाटा आहे. राज्याचा घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा व्हायला २००८ उजाडलं. आज कोणती बाई किती घरची भांडी घासेल, पोछ्याचे किती, सुट्टी किती, हे बऱ्यापैकी ठरलेलं असतं, आणि वाळवण त्यात नसतं. करून हवं असेल तर वेगळे पैसे. ते योग्यच आहे.

भावाकडे येणाऱ्या बाईचं आणि आत्याचं पहिल्या दिवशी वाजतं, बहुतेक भांड्यांच्या साबणावरून. चौथ्या दिवशी दोघी मागच्या सांदीत चहा पीत बसलेल्या दिसतात. या बाईचं माहेर गोंदियाकडचं. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे बाकी महाराष्ट्राच्या मागाहून, जूनच्या शेवटच्या आठवड्यात उघडतात, त्यामुळे तिची दोन पोरं इतरांपेक्षा जास्त दिवस घरी. एका खोलीत, पत्र्याखाली. त्यांच्याकडे बघायला तिची आई येते, पण एप्रिल-मेमध्ये तेंदूपत्त्याचा हंगाम असतो. पहाटे जंगलात जाऊन पानं तोडायची, दुपारी पुडे बांधायचे, संध्याकाळी संकलनाच्या फळीवर द्यायचे. वर्षातली ती रोख मिळकत सोडून आई नागपूरला कशी येणार? ती येते हंगाम संपल्यावर, मे सरताना, नवतपा म्हणजे सगळ्यात तापणारे नऊ दिवस सुरू झालेले असतात तेव्हा. तोवर मोठी पोरगी धाकट्याला सांभाळते. त्या पोरीचं वय दहा. आमच्याकडे पाहुणी आली नाही तर पापड विकत येतात. त्या घरी पाहुणी उशिरा आली, तर दहा वर्षांच्या मुलीचा उन्हाळा जातो.

मदतीला येणारं माणूस घरात खुपतंही. याबद्दल कोणी बोलत नाही, कारण बोलणारी कृतघ्न ठरते. आत्या गेल्यावर वहिनीला पुढचे आठ दिवस काही सापडत नाही. फल्लीदाण्याच्या डब्यात साबुदाणा, साबुदाण्याच्या डब्यात रवा, मिठाची बरणी गॅसपासून दूर, कारण "वाफेनं ओलं होते." सराटे एका गंजात उभे. आत्याची मांडणी पुष्कळदा जास्त शहाणपणाची असते, हे तर आणखीच झोंबतं. वहिनीची एक सहकारी मला म्हणाली, सासूबाई मदतीला आल्या की काम अर्धं होतं आणि लाज दुप्पट. माळ्यावरून काय काय निघालं याची चर्चा पुढे लग्नकार्यात होते. आमच्याकडे एकदा माळ्यावर लग्नातल्या आहेराच्या न उघडलेल्या चार लेमनसेटच्या पेट्या निघाल्या. त्यातल्या दोन आत्यानेच दिलेल्या होत्या.

पुरुष पाहुणेही कामं करतात, पण त्यांच्या कामाला प्रेक्षक लागतात. मामा आले की पाण्याची मोटर उघडतात. घरातली सगळी टॉर्च, पाना, चहा घेऊन भोवती उभी. मोटर सुरू झाली की टाळ्या, नाही झाली तर दोष कंपनीचा. ती मोटर मामांनी दुरुस्त केली हे वर्षानुवर्षं सांगितलं जातं. वर्षाची मिरची कोणी निवडली हे भाजी तिखट झाली तरच विचारतात.

या येण्याजाण्याची परतफेड होते, आणि ती पैशाने होत नाही. आत्या निघताना साडी, ओटी, संत्रा बर्फीचा डबा असतोच, ते वरवरचं. खरा हिशेब भाद्रपदात मिटतो. आत्याकडे महालक्ष्म्या असतात. आवाहन, पूजन आणि विसर्जन असे तीन दिवस. सोळा भाज्या, आंबील, पुरण, कढी, वडे आणि मखरात टांगायचा फुलोरा. जेवायला शेकड्याने माणसं नसली, तरी दोन-तीन पंगती होतातच. तिथे तिच्या भावजया आणि भाच्या गेल्याच पाहिजेत. उन्हाळ्यात इकडे घोटलेला चीक तिकडे पुरणाच्या वाटणातून फिटतो. वही कोणी ठेवत नाही, पण कोण कुठल्या वर्षी आलं नाही हे सगळ्यांना पाठ असतं. माझी एक चुलत बहीण लागोपाठ दोन वर्षं गेली नाही. तिच्याकडे बारशाला आत्या आली, जेवली आणि पाच वाजताच्या गाडीने परत गेली. एवढं पुरलं.

आता या रस्त्याची दिशाही बदलते आहे. नागपूरची शिकलेली मुलं पुण्याला, बंगळुरूला, तिथून अमेरिकेला गेली आणि नागपूरच्या आया पाहुण्या झाल्या. १० ऑगस्ट २०२५ ला अजनी-पुणे वंदे भारत सुरू झाली. जवळपास नऊशे किलोमीटर, बारा तास. तिच्या रॅकवरही कुरडयांचे डबे दिसतात, सुतळीऐवजी सेलोटेप लावलेले. अमेरिकेत बाळंतपणाला जाणाऱ्या आईला तिथे उतरल्यावर सहसा सहा महिन्यांचा मुक्काम मिळतो. मग आधी मुलीची आई, ती परतली की सासू, अशा पाळ्या लागतात. सहा महिन्यांत पोर बसायला लागतं आणि आजी बदलते. सरकारी पाहणीतली पाहुणी आणि व्हिसावरची पाहुणी, दोघींची मुदत सारखीच निघावी, हा योगायोग मला गमतीचा वाटतो. तिकडे गेलेल्या बायका सांगतात, की तिथे भांडी मशीन धुतं, पोछा नसतो, आणि तरीही दिवसभर बसायला मिळत नाही.

आत्या इकडे येते तेव्हा आर्वीचं घर कोण बघतं, हे मी तिला कधी विचारलं नव्हतं. तिची सून बघते. काकांची, म्हणजे आत्याच्या यजमानांची, पथ्याची भाकरी, गोळ्या, अंगणातलं पाणी, सगळं त्या दिवसांत सुनेवर. त्या सुनेच्या मदतीला मग तिची आई येते, पुलगावहून. म्हणजे त्रिमूर्तीनगरात कूलर चढला की तीन गावांतल्या चुली हलतात.

यंदा आत्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. महालक्ष्म्या पुढे ढकलता येत नाहीत. आईला प्रवास झेपत नाही, वहिनीची शाळेत परीक्षा, माझ्याकडे घरातच आजारपण. भावाने रजा टाकली आणि तो आर्वीला गेला. आत्याला फोनवर हे कळलं तेव्हा आधी ती हसली. मग म्हणाली, "पोट्ट्याले पुरण वाटता येते का?" येत नाही म्हटल्यावर तिने जरा विचार केला आणि कामं सांगायला सुरुवात केली. माळ्यावरून कोठ्या उतरवायच्या, मखर उभारायचं, नारळ खोवायचे, अळूची पानं धुऊन शिरा काढायच्या, आंबिलीचा गंज हलवत उभं राहायचं आणि पंगतीचं उष्टं काढायचं. शेवटचं काम तिने दोनदा सांगितलं.

भाऊ चार दिवसांनी परत आला. आल्यावर चहा घेतला, कप हातात धरूनच घरातून फिरला आणि वहिनीला म्हणाला, माळ्यावर ते काय काय ठेवलंय? वहिनीने त्याच्याकडे शिडी सरकवली.